पुस्तकाची पहिली टर्म

रंगनाथ चांदगुडेला पुस्तक वाचायचं नव्हतं, फक्त निवडायचं होतं. वाचायचं नंतर बघू, असं त्याचं म्हणणं. आणि एवढ्याशा कामात त्याचे जे हाल झाले, ते बघून कारखान्याच्या कॉलनीतल्या तीन पोरांनी शिक्षणच सोडून दिलं असं सांगतात. मला ही अतिशयोक्ती वाटते. दोनच पोरांनी सोडलं.

झालं असं, की ऑगस्टच्या एक तारखेला कारखान्याच्या एमडी साहेबांनी परिपत्रक काढलं. कोपरगावच्या बाजूचा हा साखर कारखाना. ऑफिसच्या मागच्या अंगाला एक काचेची खोली, खोलीत कपाटाएवढा सर्व्हर आणि सर्व्हरशेजारच्या खुर्चीत बावीस वर्षं रंगनाथ. उसाच्या नोंदी, काट्यावरची वजनं, पगारपत्रकं, सगळं त्या कपाटात. परिपत्रकात लिहिलं होतं, की यापुढे सर्व्हरचा ताबा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनची परीक्षा पास झालेल्या इसमाकडेच राहील. सबब संबंधितांनी वीस ऑक्टोबरला गाळप सुरू होऊन गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या आत सर्टिफिकेट सादर करावं, अन्यथा त्यांची बदली केनयार्डात करण्यात येईल.

आता केनयार्ड म्हणजे उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतात ते मैदान. डोक्यावर ऊन, पायाखाली पाचट, पुढे बैल आणि मागेही बैल. मधून हिंडत गाड्यांना नंबर द्यायचे. उलट सर्व्हरच्या खोलीत एसी. अख्ख्या कारखान्यात दोनच एसी होते. पहिला साहेबांचा. तो बंद पडला की साहेबसुद्धा ‘सर्व्हर कसा आहे’ ते बघायला येत आणि दोन-दोन तास बघत. रंगनाथचं वय बावन्न, डावा गुडघा त्याहून चार वर्षांनी मोठा. बैलांमध्ये हा गुडघा टिकायचा नाही, हे त्याला परिपत्रकाच्या दुसऱ्याच ओळीला कळलं.

त्याने रीतसर सुरुवात केली. संगणकावर परीक्षेचं नाव टाकून अभ्यासाची पुस्तकं शोधली. सत्तेचाळीस निघाली, आणि प्रत्येकावर ‘आपल्याला लागणारं एकमेव पुस्तक’ असं छापलेलं. सत्तेचाळीस एकमेव! व्हिडिओ तर इतके, की रंगनाथने जन्मापासून न झोपता बघितले असते तरी परीक्षेपर्यंत निम्मेच झाले असते. या सगळ्यांच्या तळाशी परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच दिलेली विषयांची चौदा पानी यादी होती, फुकट. ती त्याने छापून घेतली आणि ठेवून दिली. फुकट मिळालेल्या वस्तूवर विश्वास ठेवायला माणसाच्या अंगी फार मोठेपण लागतं, ते काही रंगनाथजवळ नव्हतं.

मग त्याने चूक केली. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसलेल्या बिभीषणला त्याने विचारलं.

बिभीषण गाडे हा काट्यावरचा क्लार्क. तीस वर्षं भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यापलीकडे त्याने जगाचे भाग पाडलेले नव्हते.

“बिभीषणराव, एक विचारू का?”

“दोन इचार.”

“या परीक्षेला पुस्तक कुठलं घ्यावं?”

बिभीषणने तंबाखू मळायची थांबवली. त्याचं मत कुणी विचारल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

“हे बघ रंगनाथ, ऊस असो का पुस्तक, आधी वजन बघायचं. माझ्या साडूचा पोरगा हिंजवडीला हाय. त्यानं जे वाचलं ते पुस्तक उशाला घेतलं तर मान आवघडती. त्येच घे. हलकं पुस्तक म्हंजी नुसतं वाडं, शेंड्याचा पाला, रस न्हाई.”

रंगनाथ ‘बरं’ म्हणाला. हे ‘बरं’ म्हणजे आपलं साधं, तोंडदेखलं बरं. पण कॉलनीत सल्ला एकदा मागितला की तो मागणाऱ्याचा राहत नाही, गावकीचा होतो. संध्याकाळपर्यंत बातमी छगन वाबळ्याकडे पोचली. छगन शेतकी खात्यात, शिवाय कॉलनीच्या सोसायटीचा चिटणीस. तो थेट घरीच आला.

“पुस्तक घेतो म्हनं? आरं, पुस्तकं कोन वाचतं आता? आमी शेतकऱ्याला ठिबक शिकवतो ते बी व्हिडिओवर. मोबाईलवर एक सर हाय, लई भारी. म्हशीला सांगितलं तर म्हस सर्व्हर चालवील.”

“पण बिभीषणराव म्हणत होते...”

“बिभीषण?” छगन हसला. “काट्यावरून खाली उतरून बघ म्हनावं जरा. बरं, मंग तुझं ठरलं का त्याचं ऐकायचं? न्हाई, नीट सांग. मला काय राग न्हाई.”

ज्याला राग नाही असा माणूस हे वाक्य उभ्या जन्मात बोलत नाही. रंगनाथने घाईघाईने ‘अजून काही ठरलं नाही’ म्हणून टाकलं, कारण कॉलनीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह छगनच्या ताब्यात होता. छगन खूश असेल तर पाणी पाऊण तास यायचं आणि नाराज असेल तर नळाखाली भांडं धरेपर्यंत जायचं. बरं, बिभीषणला दुखवावं तर रंगनाथच्या सासऱ्यांचा पुणतांब्याचा ऊस याच काट्यावरून जायचा. सासऱ्यांचा ट्रॅक्टर रांगेत अर्धा दिवस जास्त उभा राहिला, की सासरे मुलीला फोन करत आणि मुलगी रंगनाथकडे नुसतं बघे. त्या बघण्यापेक्षा केनयार्ड परवडलं.

ती मुलगी, म्हणजे रंगनाथची बायको पंकजा, आतून तांदूळ निवडत हे सगळं ऐकत होती. छगन गेल्यावर म्हणाली, “अहो, निवडायचंच आहे ना? मग हे घ्या. खडा बाहेर, तांदूळ आत. एवढ्याला मी कधी गाव बोलावलंय का?”

बोलणं बरोबर होतं. पण बायकोचं बरोबर बोलणं नवऱ्याला कळायला सरासरी दोन महिने लागतात. रंगनाथलाही तेवढेच लागले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचे जुने फिटर बाबाजान भेटले. त्यांनी विचारल्यावाचूनच सांगितलं, “रंगनाथभाई, मी बॉयलर काय किताबात बघून शिकलो नाय. भंगाराच्या खोलीत तीन कॉम्प्युटर पडलेत. खोला, जोडा, बिघडवा, परत जोडा. मशीन हाताला कळतं.” रंगनाथने मान हलवली आणि विसरला. बाबाजानच्या सूचनेला अनुमोदक नव्हता, आणि ज्या सूचनेला अनुमोदक नाही ती सूचना आमच्या सहकारात झालेलीच नसते.

आठ दिवसांत मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि ‘अभ्यास साहित्य निवड समिती’ स्थापन झाली. अकरा सदस्य. रंगनाथला निमंत्रित म्हणून घेतलं, मताचा अधिकार नाही. बिभीषणने साडूच्या पोराकडून ते पुस्तक मागवून आणलं होतं. पुस्तक खरोखर जंगी. अकराशे चाळीस पानं. देवळात ते खाली ठेवल्यावर मारुतीच्या पुढ्यातली समई हलली. हे मी बघितलेलं नाही, पण समईच्या शेजारी बसलेल्या माणसाने मला सांगितलं.

“ह्याचं वजनच करून टाकू,” बिभीषण म्हणाला. “अधिकृत.”

त्याने पुस्तक काट्यावर नेलं. मागोमाग समिती. हा काटा ट्रकचा. तो दहा किलोच्या खालचं काही मोजत नाही, कारण दहा किलोच्या खालचं काही त्याच्यासमोर कधी आलेलंच नव्हतं. साठ टनांच्या त्या लोखंडी पाटावर मधोमध पुस्तक ठेवलं, सगळे बाजूला झाले आणि बिभीषणने सवयीने बटण दाबलं. खडखडत पावती आली. वाहनाचा प्रकार : इतर. भरलेले वजन : ०. रिकामे वजन : ०. निव्वळ माल : ०.

छगनने ती पावती त्याच्या हातातून काढून घेतली, चार जणांना वाचून दाखवली आणि खिशात घातली. दुसऱ्या दिवशी तिच्या झेरॉक्स घरोघरी पोचल्या. ‘पुस्तकात काय आहे? काटाच बोलतो!’

इथून पुढे ती परीक्षा रंगनाथची राहिली नाही. पुस्तकवाल्यांचं भरीव पॅनल झालं, व्हिडिओवाल्यांचं प्रगती पॅनल, आणि मतदानाचा दिवसही ठरला. घरोघर चहा, भेटीगाठी, जुने उपकार, जुने अपमान. ज्यांना संगणकाचा ‘सं’ माहीत नव्हता त्यांची मतं सगळ्यात पक्की होती. बिभीषणची आई गोजरबाई, वय ब्याऐंशी, तिच्याकडेही दोन्ही बाजूंची मंडळी गेली.

“आजी, तुमचं मत कोनाला? पुस्तकाला का व्हिडिओला?”

“ज्याला वाचायचंय त्याला इचारलं का?” गोजरबाई म्हणाली.

तिचं मत बाद धरण्यात आलं.

रंगनाथ या दिवसांत सर्व्हरच्या खोलीत बसून राहायचा. सर्व्हर घुंईऽऽ करायचा. एसीचा वारा डाव्या गुडघ्यावर यायचा. त्याला वाटायचं, ही खुर्ची आपल्याला इतकी वर्षं नुसती मिळाली होती, तेव्हा तिच्यात काय आहे ते कधी कळलं नाही. आता जायची वेळ आल्यावर तिचं मोडकं चाकसुद्धा जिव्हाळ्याचं वाटतंय. ऑगस्ट संपला. परीक्षेची तारीख त्याने सत्तावीस सप्टेंबर घेऊन ठेवली होती, नगरला सावेडीतल्या केंद्रावर. अभ्यास शून्य. निव्वळ माल शून्य.

मतदानाच्या आदल्या दिवशी ज्येष्ठांनी मध्यस्थी केली. कॉलनीत फूट नको, बिनविरोध करा. तोडगा काय? तोच, जो आमच्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरपासून चेअरमनपदापर्यंत सगळीकडे निघतो. दोन इच्छुक असले की पाच वर्षांचे दोन वाटे करायचे. अडीच वर्षं याची, अडीच वर्षं त्याची. परीक्षेला उरले होते चोवीस दिवस. तेव्हा बारा दिवस पुस्तकाचे, बारा दिवस व्हिडिओचे. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली टर्म पुस्तकाला गेली. करार कागदावर उतरला, बिभीषण आणि छगन दोघांच्या सह्या झाल्या, रंगनाथची सही साक्षीदार म्हणून घेतली.

आता रोज संध्याकाळी सात वाजता बिभीषण पुस्तक घेऊन रंगनाथच्या ओट्यावर हजर. रंगनाथने वाचायचं आणि बिभीषणने पेन्सिलने पानं मोजायची. त्याला इंग्रजी काट्यापुरतंच यायचं, पण पान उलटलं की नाही ते कळायचं.

“थांब. ह्या पानावर आकृती हाय. आकृतीचं पान अर्धं धरू.”

“बिभीषणराव, मला जरा समजून घेऊ द्या.”

“समजाया नंतर येळ हाय. आज चाळीस पानं खाली झाली पायजेत.”

बारा दिवसांत तीनशे बारा पानं झाली. रंगनाथला त्यातली साधारण नऊ कळली. तेराव्या दिवशी छगन मोबाईल, चार्जर आणि आवाजाचा एक छोटा डबा घेऊन आला. ओट्यावर बिभीषण बसलेलाच.

“उठा आता, बिभीषणराव. टर्म संपली.”

“आसं कसं?” बिभीषण जागचा हलला नाही. “आठशे पानं बाकी हायेत. कामं अर्धवट टाकून राजीनामा देऊ का?”

“करार झालाय!”

“करार झाला त्यो पुस्तकाच्या आकाराचा इचार न करता झाला. मी लोकांच्या आग्रहास्तव थांबलोय.”

“कोन लोक?”

बिभीषणने रंगनाथकडे बोट केलं. रंगनाथ उठून आत पाणी प्यायला गेला. पाणी नव्हतं. छगन व्हॉल्व्ह बंद करूनच आला होता.

खरं सांगायचं तर पहिल्या अडीच वर्षांचा चेअरमन आपण होऊन उठला, असं आमच्याकडे घडलेलं मी ऐकलेलं नाही. राजीनाम्याची गोष्ट खुर्चीत बसल्यावर परग्रहावरची वाटते. कॉलनीला हे माहीत होतं, छगनलाही माहीत होतं. तो चिडला, कारण पहिली टर्म आपल्याला मिळाली असती तर आपणही हेच केलं असतं, ही संधी हुकल्याचं त्याला दुःख होतं.

मग पुढचे बारा दिवस दोघांनीही कारभार केला. रंगनाथच्या उजव्या अंगाला बिभीषण पान उलटवायचा, डाव्या अंगाला छगनचे सर बोलायचे. दिवस कमी म्हणून छगनने सरांना दुप्पट वेगाने लावलं होतं. सर हिंदीत चिमणीसारखे चिवचिवत, आणि दर पाच मिनिटांनी चॅनल आवडल्यास घंटी दाबायला सांगत. रंगनाथला पुढे पुढे झोपेत घंटी दाबायची सवय लागली. पंकजा दोन घागरी घेऊन हापशावर जायची, येताना त्या तिघांवरून नजर फिरवायची आणि एक शब्द बोलायची नाही. तो न बोललेला शब्द रंगनाथला पुस्तकापेक्षा जड जायचा.

सत्तावीस तारखेला तो नगरच्या एसटीत बसला, तर दोन्ही बाजूंना निरीक्षक. राहुरीपर्यंत बिभीषणने तेविसावं प्रकरण धरून ठेवलं, राहुरीनंतर खड्डे लागले आणि ते कुणालाच धरवेना. सावेडीत केंद्राच्या दारावर रंगनाथचं घड्याळ, पाकीट, मोबाईल, पट्टा सगळं काढून घेतलं. चष्म्याच्या काड्या तपासल्या. तो एका थंडगार खोलीत बसला आणि क्षणभर त्याला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. परीक्षेच्या कामात चोवीस दिवसांत पहिल्यांदा त्याच्या शेजारी कुणी नव्हतं.

मग प्रश्न आला. सर्व्हर बंद पडला आहे, सर्वप्रथम काय कराल? खाली चार पर्याय. रंगनाथने बावीस वर्षांत सर्वप्रथम एकच गोष्ट केली होती, ती म्हणजे साहेबांच्या क्लार्कला फोन करून ‘माझ्याकडून काही झालेलं नाही’ हे कळवणं. तो पर्याय दिलेला नव्हता. पुस्तकात याचं उत्तर अर्ध्या धरलेल्या पानावर होतं आणि सरांनी ते घंटीच्या आधी सांगितलं की नंतर, तेच आठवेना. असे नव्वद प्रश्न. शेवटी पडद्यावर आकडा आला. पास व्हायला साडेसातशे हवे होते. मिळाले सहाशे नव्वद. खाली लिहिलं होतं, की चौदा दिवसांनी पुन्हा बसता येईल.

रंगनाथ पट्टा हातात धरून बाहेर आला. दारात बिभीषण आणि छगन. बिभीषणकडे पेढे, छगनकडे हार. दोघांनी आपापल्या विजयाची तयारी केली होती.

“काय झालं? पुस्तकानं तारलं का न्हाई?”

“पुस्तकानं कुठलं? सरांचं आलं असंल सगळं! आरं, बोल की!”

रंगनाथने त्या दोघांकडे पाहिलं. ‘नापास’ म्हटलं तर काय होईल, ते त्याला सावेडीच्या त्या भर रस्त्यात स्वच्छ दिसलं. चौकशी समिती. अहवाल. नवी निवड समिती. फेरमतदान. अडीच-अडीच. आणि चौदा दिवस पुन्हा तो ओटा, ती पेन्सिल, ती चिमणी. खोटं बोलायची त्याला हौस नव्हती. त्याला फक्त थोडं बसायचं होतं.

“झालो,” तो म्हणाला.

एवढंच. काय झालो, ते त्याने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. हार गळ्यात पडला, पेढा तोंडात गेला. एसटीत बिभीषण आणि छगन श्रेयावरून भांडत बसले आणि रंगनाथ त्या दोघांच्या मधे लहान मुलासारखा झोपला.

पाच ऑक्टोबरला भव्य नागरी सत्कार झाला. फ्लेक्सवर रंगनाथचा लग्नातला फोटो, कारण दुसरा चांगला नव्हता, आणि खाली ‘सिस्टिम सम्राट’. एमडी साहेबांनी स्वतः हार घातला. रंगनाथने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की सर्टिफिकेट यायला दोन-तीन आठवडे लागतात. साहेबांना ते आठवलं की नाही कुणास ठाऊक. पण माईक हातात आला की माणूस आपल्या मालकीचा राहत नाही. साहेब म्हणाले, “काही लोकांना शंका होती. मी या ठिकाणी जबाबदारीने सांगतो, चांदगुडे यांचं सर्टिफिकेट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे!” टाळ्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ते वाक्य फोटोसकट आलं. भरीव पॅनलतर्फे बिभीषण अर्धा तास बोलला, प्रगती पॅनलतर्फे छगन चाळीस मिनिटं. रंगनाथला आभारापुरता वेळ उरला. पहिल्या रांगेत पंकजा नव्या साडीत बसली होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं रंगनाथने टाळलं. ती खरोखर खूश होती, आणि हे त्या अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड होतं.

पण सत्काराचा एक फायदा झाला, जो कुठल्याच पॅनलच्या लक्षात आला नव्हता. पास झालेल्या माणसाला कुणी सल्ला देत नाही. ओटा रिकामा झाला. पाणी पाऊण तास येऊ लागलं. आणि सिस्टिम सम्राट रोज ऑफिस सुटल्यावर वर्कशॉपमागच्या भंगाराच्या खोलीत जाऊन बसू लागला. जवळ ती फुकटची चौदा पानी यादी. एक विषय वाचायचा आणि तो त्या तीन मेलेल्या कॉम्प्युटरांवर करून बघायचा. खोलायचं, जोडायचं, बिघडवायचं. बोटं काळी व्हायची. गंजलेल्या पत्र्याने दोनदा अंगठा कापला. पण तिसऱ्या दिवशी एक कॉम्प्युटर गुरगुरला, पाचव्या दिवशी दोन एकमेकांशी बोलायला लागले, आणि ते का बोलतात हे रंगनाथला बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तो सर्व्हर सांभाळत नव्हता, सर्व्हरची पूजा करत होता.

पास झालेला, सत्कार झालेला माणूस रोज दोन तास भंगारात काय करतो, हे बाबाजानने विचारलं नाही. फक्त एक दिवस दोन चहा घेऊन आले, एक त्याच्यापुढे ठेवला आणि दार ओढून घेत म्हणाले, “बाहेरनं कडी लावू का? लोक लई मोकळे हिंडतात आपल्याकडं.”

चौदा तारखेला, ‘सर्टिफिकेट घेऊन येतो’ असं सांगून रंगनाथ एकटाच नगरला गेला. सर्व्हर बंद पडला आहे, सर्वप्रथम काय कराल? या वेळी त्याने क्षणभर काळ्या पडलेल्या बोटांकडे बघितलं आणि खूण केली. पडद्यावर आकडा आला तो आठशे बारा. रंगनाथने तो चष्मा काढून वाचला, चष्मा घालून वाचला. केंद्रातल्या मुलीने सर्टिफिकेट छापून हातात दिलं आणि सवयीने “अभिनंदन” म्हणून पुढच्याला हाक मारली.

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. समोरून रिक्षा, स्कूटर, शाळेच्या बस चालल्या होत्या. आता कुणाला सांगावं? बिभीषणला? छगनला? अख्ख्या जिल्ह्यात असा एक माणूस नव्हता की ज्याला ही बातमी नवी होती. ज्या वेळी नापास झाला त्या वेळी हार, पेढे, फ्लेक्स. आणि आता खरोखर पास झाला तर पायरी. शेवटी राहवेना, त्याने घरी फोन लावला.

“पंकजा, मी पास झालो गं!” त्याचा आवाज फाटला.

पलीकडे तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“परत?” पंकजा म्हणाली.

“हो. म्हणजे... हो.”

“अहो, सावलीत बसा जरा. पाणी प्या. एकदा झालं ते पुरे आहे आम्हाला.”

मोळीच्या तीन दिवस आधी एमडी साहेबांनी त्याला आत बोलावलं. सर्टिफिकेट फाईलला लावायचं होतं. साहेबांनी ते वाचलं. वरची ओळ, खालची ओळ, मग तारीख. मग पुन्हा तारीख. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रंगनाथकडे बघितलं.

“चांदगुडे, सत्कार आपण पाच तारखेला केला ना?”

“हो साहेब.”

“आणि इथं चौदा तारीख आहे.”

रंगनाथच्या गुडघ्यातून कळ निघाली ती थेट केनयार्डापर्यंत जाऊन आली. फार झालं होतं. आता पुढे ढकलायला खोटंसुद्धा उरलं नव्हतं.

“साहेब, पहिल्यांदा मी नापास झालो होतो,” तो म्हणाला. “सांगायला जागाच मिळाली नाही. चौदा तारखेला पास झालो. हे खरं आहे. बदली करायची तर करा.”

साहेबांनी खण उघडून पेपरचं कात्रण काढलं. फोटोत हार घालणारे हात त्यांचे होते, आणि खाली त्यांचंच वाक्य ठळक अक्षरात : ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.’ साहेबांनी ते वाक्य वाचलं. मग सर्टिफिकेट वाचलं. मग पुन्हा वाक्य. एसी चालू होता तरी त्यांनी रुमालाने मान पुसली.

मग पेनाचं टोपण काढून त्यांनी सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘मूळ प्रत पाहिली. चांदगुडे यांना सर्व्हरवर कायम ठेवावे.’ खाली सही केली. सहीखाली जरा विचार करून तारीख घातली : पाच ऑक्टोबर.

“जा,” फाईल सरकवत ते म्हणाले. “आणि चांदगुडे, पुढच्या वेळी सत्काराच्या आधी पास होत जा.”

“प्रयत्न करतो साहेब,” रंगनाथ म्हणाला, आणि आपल्या खुर्चीकडे गेला.